बेम्प्टनचे कडे: गॅनेट जळतात, गिलेमॉट बुडतात, उरलेले सॉफ्ट येतात

खारा_वारा

जूनच्या मध्याला इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये बेम्प्टन क्लिफ्सला, सागरी पक्ष्यांच्या कड्यांवर, जायचं आहे. सामान असं: क्रॉप सेन्सरची मिररलेस बॉडी, १००-४०० झूम, १६-५० किट लेन्स आणि मध्यम वजनाचा ट्रायपॉड. सागरी पक्ष्यांचे जे फोटो जमलेत त्यात तेच ते दोष पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून निघण्याआधी विचारून घेतो.

पहिला दोष: गॅनेटची (मोठा पांढरा सागरी पक्षी) पाठ सपाट पांढरी होते, पिसाची रेघ म्हणून दिसत नाही. एक्स्पोजर खाली आणलं की शेजारचा गिलेमॉट (गडद पाठीचा सागरी पक्षी) नुसता काळा. दुसरा: कपारीत स्वस्थ बसलेला पक्षी, कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर १/१०००, तरी ४०० मिमीला सॉफ्ट, म्हणजे पुसट. तिसरा: उडता पक्षी फ्रेममध्ये असतो, फोकस मात्र मागच्या खडकावर.

शिवाय दिवसातली कोणती वेळ धरावी, पफिनला (रंगीत चोचीचा छोटा सागरी पक्षी) ४०० पुरेल का, आणि अख्ख्या कड्याचा फोटो कसा घ्यावा की त्यातले पक्षी सेन्सरवरच्या धुळीसारखे दिसणार नाहीत?

---

कडेकपारी

वेळेपासून सुरुवात करू, कारण पहिला दोष निम्मा तिथेच सुटतो.

बेम्प्टनचा कडा ढोबळमानाने ईशान्येकडे तोंड करून आहे. जूनच्या मध्याला तिथे साडेचारच्या सुमारास उजाडतं आणि सूर्यही ईशान्येलाच वर येतो. म्हणजे पहाटेचं ऊन थेट कपारींवर. आठ-नऊपर्यंत ते कामाचं असतं, अकराच्या पुढे कड्याचं तोंड सावलीत जायला लागतं. घरटी, जोड्या, पिल्लं असे बसलेल्या पक्ष्यांचे फोटो हवे असतील तर ते सकाळीच उरका.

दुपारनंतर उलटं. सूर्य तुमच्या पाठीशी येतो, कडा सावलीत, पण कड्यापासून सुटून समुद्रावरून जाणाऱ्या पक्ष्यावर समोरून ऊन. शिवाय पार्श्वभूमीला निळं-हिरवं पाणी, कारण तुम्ही वरून बघताय. उडत्या गॅनेटसाठी ही वेळ सोडू नका. 'दुपारी लाइट खराब' हा नियम इथे अर्धाच खरा आहे. मावळतीला सूर्य वायव्येला जातो, तेव्हा कड्याची जी टोकं उत्तरेकडे वळलेली आहेत त्यांच्यावर तिरपं ऊन येतं. सुंदर दिसतं, पण फार वेळ टिकत नाही.

आता एक्स्पोजर. गॅनेट कड्यालगत घिरटी घालतो तेव्हा त्याच्या मागे आधी गडद पाणी, मग पांढरा चुनखडीचा कडा, मग आभाळ, असं दोन-तीन सेकंदांत बदलतं. पक्ष्यावरचं ऊन तेवढंच राहतं. मीटर मात्र पार्श्वभूमी मोजतो: गडद पाणी दिसलं की फोटो उजळ करतो आणि पांढरं जळतं, ढगाळ आभाळ दिसलं की काळवंडवतो. म्हणून ऊन स्थिर असेल तर सरळ मॅन्युअल. आयएसओ ४००, एफ/८, १/२५०० इथून सुरू करा. भर उन्हाच्या नेहमीच्या हिशेबापेक्षा हे साधारण दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी आहे, आणि पांढऱ्या पक्ष्याला तेवढं कमी लागतंच. पहाटेच्या कोवळ्या उन्हात अर्थात आयएसओ वाढवावा लागेल. एक गॅनेट टिपा, मोठा करून पाठीवरची पिसं सुटी दिसतात का बघा, मग जोवर ढग येत नाही तोवर डायलला हात लावू नका.

हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघायचा तर तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. गॅनेटचं डोकं फिकट पिवळसर-केशरी असतं, त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या उबदार उन्हात लाल चॅनल सर्वांत आधी आलेखाच्या उजव्या भिंतीला टेकतो, म्हणजे जळतो. एकत्रित आलेख तेव्हा 'सगळं ठीक' म्हणत असतो.

गिलेमॉटसाठी वेगळं एक्स्पोजर शोधू नका. एकाच उन्हात दोघं आहेत, तर एकच सेटिंग दोघांना बरोबर आहे. गिलेमॉट मुळात काळा नाही, गडद चॉकलेटी आहे, आणि ४०० आयएसओच्या रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या) फाइलमध्ये सावल्या एक-दीड स्टॉप उचलल्या तर ती पिसं परत येतात. जळलेलं पांढरं परत येत नाही. तडजोड करायची तर गडद बाजूला करा. आणि गिलेमॉट आणि त्याचा काळा-पांढरा नातलग रेझरबिल यांचे जवळचे फोटो घ्यायला पातळ ढगांचा दिवस सर्वांत चांगला. अशा दिवशी उन्हात फिरणारे हौशी कमी येतात, हा फायदा वेगळाच.

ढग येऊन-जाऊन असतील तर ऑटो आयएसओ चालेल, पण कॉम्पेन्सेशनचा (एक्स्पोजर कमी-जास्त करण्याचा) डायल अंगठ्याखाली ठेवा: गडद पाण्यासमोर पांढरा पक्षी -१ ते -१.३, पांढुरक्या आभाळासमोर कोणताही पक्षी +१ ते +१.७.

४०० पुरेल का, याचं उत्तर गणितात आहे. क्रॉप सेन्सरवर ४०० मिमीला ३० मीटरवर फ्रेमची रुंदी साधारण १.७५ मीटर भरते. गॅनेटचे पसरलेले पंख १.८ मीटरच्या आसपास. म्हणजे ३० मीटरवर त्याचे पंख कापले जाणार. गॅनेटला ४०० जास्तच होतं, २००-३०० वर या. तेवढ्याच अंतरावर उभा पफिन, उंची जेमतेम २० सेंटिमीटर, फ्रेमच्या उंचीचा सहावा भाग व्यापतो. तो कापून मोठा करावा लागणार हे धरूनच चला.

---

स्थिरबिंदू

वरच्या एक्स्पोजरच्या भागाशी सहमत. मी दुसऱ्या दोषाबद्दल लिहितो.

१/१००० ला ट्रायपॉडवर सॉफ्ट म्हणजे हात हलला नाही हे जवळपास नक्की. उरतात हवा, फोकस आणि वारा. कोणतं कारण आहे ते एका चाचणीत कळतं: न हलणारा पक्षी किंवा खडकाची कड घ्या, मॅन्युअल फोकस करा, दहा फ्रेमचा बर्स्ट (सलग फोटो) घ्या आणि १०० टक्क्यांवर एकामागून एक बघा.

प्रत्येक फ्रेम वेगळी सॉफ्ट असेल, कुठे चोच धारदार आणि पाय विरघळलेला, पुढच्या फ्रेमला उलटं, तर हवा थरथरतेय. सगळ्या फ्रेम सारख्याच सॉफ्ट आणि पुढे-मागे कुठेतरी दुसरंच गवत धारदार, तर फोकस चुकलाय. सगळ्या रेघा एकाच दिशेला पुसल्यासारख्या, तर कंप आहे.

माझा अंदाज हवा. कड्याच्या माथ्यावरचं गवत आणि चुनखडी तापली की त्यावरून वर जाणारी हवा प्रकाश वाकवते, आणि तुम्ही नेमके कड्याच्या कडेला समांतर, म्हणजे त्या तापलेल्या हवेच्या लांबलचक थरातून नेम धरता. महागडी लेन्स घेऊन हे सुटत नाही, उलट लांब लेन्सला जास्त दिसतं. उपाय दोनच, अंतर कमी करा किंवा वेळ बदला. शंभर मीटरवरच्या दुर्मीळ पक्ष्यापेक्षा वीस मीटरवरचा साधा किटिवेक (छोटा कुरव) घ्या. दुपारी बसलेल्या पक्ष्यांचा नाद सोडून जवळून जाणारे उडते घ्या, तिथे मधली हवाच कमी.

अजून एक कारण सहसा ध्यानात येत नाही. लेन्स उबदार गाडीतून थेट गार वाऱ्यात काढली तर हूडच्या आतली हवा स्वतःच थरथरते. पोचल्यावर वीस-तीस मिनिटं लेन्स बॅगेबाहेर, टोपण लावून ठेवा.

वाऱ्याचं म्हणाल तर ट्रायपॉडचा मधला दांडा अजिबात वर काढू नका. पायांचे सर्वांत बारीक भाग आत ठेवा. कॅमेऱ्याचा पट्टा काढून खिशात टाका, तो फडफडला की सगळं डोलतं. ट्रायपॉडला बॅग लटकवायची तर ती जमिनीला टेकेल अशी लटकवा. अधांतरी बॅग लंबकासारखी हलते आणि होतं त्यापेक्षा वाईट होतं. स्टॅबिलायझेशनला ट्रायपॉड ओळखता येत नसेल तर बंद. आणि बघण्याच्या जागांवरच्या लाकडी कठड्यावर लेन्स टेकवणार असाल तर शेजारी कोण रेललंय ते बघून घ्या. एकजण हलला की पूर्ण कठडा हलतो. मधे बीनबॅग ठेवली की बराच फरक पडतो.

---

सूळका

फोकसबद्दल. खडकावर फोकस जातो कारण खडकाला कॉन्ट्रास्ट जास्त आणि पक्षी फ्रेममध्ये उशिरा येतो. तीन गोष्टी करा.

लेन्सवर फोकस लिमिटर असेल तर जवळचं टोक बंद करा, म्हणजे समोरच्या गवताच्या काडीवर जाऊन परत यायला लागणारा अर्धा सेकंद वाचतो. पक्षी लांब, पाण्यावर असतानाच पकडा आणि कड्यापर्यंत त्याच्यासोबत या. कड्यासमोर आल्यावर पकडायला गेलात तर दहातले आठ वेळा खडक मिळणार. आणि ट्रॅकिंगची संवेदनशीलता चिकट बाजूला ठेवा, मधे दुसरा पक्षी आडवा गेला तरी कॅमेऱ्याने पहिल्याला सोडू नये. पूर्ण फ्रेमभर पक्षी-ओळख चालू ठेवली तर शेकडो पक्ष्यांच्या गर्दीत कॅमेरा गोंधळतो. मधला छोटा झोन अधिक त्यात डोळा-ओळख, हे जास्त भरवशाचं.

गिलेमॉटचा डोळा गडद डोक्यात गडद असतो. ऊन डोळ्यात चमकत नसेल तर ना कॅमेऱ्याला सापडतो ना बघणाऱ्याला. त्याने मान उजेडाकडे वळवेपर्यंत थांबा. मधूनच एखादा 'चष्मेवाला' गिलेमॉट दिसेल, डोळ्याभोवती पांढरं कडं आणि मागे ओढलेली रेघ. वेगळी जात नव्हे, त्याच जातीतला प्रकार आहे. उत्तरेकडे जावं तसं त्यांचं प्रमाण वाढतं. त्याच्यावर फोकस पटकन बसतो.

शटर: घिरटी घालणारा गॅनेट १/१६०० ला थांबतो. सूर मारणाऱ्याला १/३२००. पफिन लहान, पंख मारतो मिनिटाला चारशेच्या आसपास, आणि येतो तो सरळ रेषेत सुसाट. १/३२०० च्या खाली पंखांची टोकं पुसट येतील.

याहून कामाचं म्हणजे उडण्याआधीची खूण ओळखणं. गॅनेट घरट्यावरून निघण्याआधी मान ताणून चोच सरळ आभाळाकडे धरतो आणि तशीच ठेवून पाय उचलत चालतो. जोडीदाराला 'मी निघालो, तू बस' असं सांगणं आहे ते. हे दिसलं की बर्स्ट तयार ठेवा, काही सेकंदांत तो हवेत असतो. उलट परत येणारा उतरला की दोघं समोरासमोर उभे राहून चोचीवर चोच घासतात. तिथे १/८०० पुरतं, पण दोघांचे डोळे एका प्रतलात येण्यासाठी एफ/८ किंवा एफ/९ ठेवा.

---

कडेकपारी

वाऱ्याचं राहिलंच. हवामान बघताना पावसाआधी वाऱ्याची दिशा बघा. उत्तर-ईशान्येकडून वारा असेल तर तो कड्याला आदळून वर चढतो, आणि गॅनेट त्या उठावावर तुमच्या डोळ्यांच्या पातळीला जवळजवळ स्थिर लटकतात. स्टेपल न्यूकच्या जागेवर असा दिवस मिळाला तर बाकी काही नाही मिळालं तरी चालेल. खाली कमान असलेला सुळका आहे, गॅनेटची मुख्य गर्दी तिथेच.

---

पाणकावळा

वाऱ्याबद्दल अर्धा असहमत. लटकणारे गॅनेट उत्तरेच्या वाऱ्यात मिळतात, मान्य. पण पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतो. वारा समुद्रावरून येत असेल तर घरट्यावर उतरणारे तुम्हाला शेपूट दाखवतात. नैऋत्येचा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा असेल तर ते समुद्राकडून थेट तुमच्या लेन्सच्या दिशेने, पंख पसरून, पाय पुढे काढून येतात. आणि दुपारी हाच वारा असेल तर ऊनही तुमच्या पाठीशी. उतरतानाचे फोटो हवेत तर मी नैऋत्येचा वारा घेईन.

एकच ध्यानात ठेवा, जमिनीकडून वारा आला की कड्याच्या कडेला हवा घुसळते, पक्षी शेवटच्या क्षणी वेडेवाकडे गचके खातात. फ्रेम सैल ठेवा, ४०० ऐवजी २५०-३००, नाहीतर पंख कापले जातील.

---

खारा_वारा

फार उपयोगी. दहा फ्रेमची चाचणी जुन्या बर्स्टवर लावून बघितली, प्रत्येक फ्रेम वेगळी विरघळलेली आहे, म्हणजे हवाच.

आणखी दोन शंका. पफिन नेमके कुठे शोधायचे, गवतात बिळं असतात ना? आणि कुंपणाच्या बाहेर दोन पावलं गेलं तर कोन खूप बदलेल असं नकाशावरून वाटतं. ड्रोनचा तर प्रश्नच नसावा, तरी विचारतो.

---

चुनखडी

ड्रोन नाही. राखीव क्षेत्र आरएसपीबी या ब्रिटिश पक्षीसंवर्धन संस्थेचं आहे, तिथे परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि हौशी कामासाठी ती मिळेल असं समजू नका.

कुंपणाबाहेर एक पाऊलही नको, दोन तर सोडाच. कडा साधारण १०० मीटरच्या वर जातो. चुनखडी कठीण असली तरी तिच्या माथ्यावर हिमयुगातल्या हिमनद्यांनी आणून टाकलेल्या मातीचा जाड थर आहे. पावसात ती फुगते, उन्हात भेगाळते आणि मधूनमधून ढासळते. वरून सलग हिरवळ दिसते, तिच्या खाली काही असेलच असं नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून चालणं हा अपघात होण्याचा दुसरा हमखास मार्ग.

पण कुंपण फक्त तुमच्यासाठी नाही. गिलेमॉट घरटं बांधत नाही, उघड्या खडकाच्या पट्टीवर एकच अंडं घालतो आणि खांद्याला खांदा लावून बसतो. वरच्या कडेला अचानक माणसाची आकृती उभी राहिली की पूर्ण रांग एकदम उडते. त्या धक्क्याने अंडी कड्यावरून खाली जातात, उरलेली हेरिंग गल (मोठे कुरव) उचलतात. उडण्याआधी खूण मिळते: माना ताठ होतात, डोकी एकामागून एक वरखाली व्हायला लागतात. हे दिसलं की मागे सरा, फोटो गेला तर जाऊ दे.

कायद्याने बघाल तर इंग्लंडमध्ये १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टखाली वापरात असलेलं कोणत्याही रानपक्ष्याचं घरटं किंवा अंडी मुद्दाम नष्ट करणं गुन्हा आहे. पहिल्या अनुसूचीतल्या जातींना तर घरट्यापाशी नुसता त्रास देणंही गुन्हा, बेफिकिरीने झालेलं असलं तरी. कड्यांवरचा पेरेग्रिन ससाणा त्या यादीत येतो. त्याचं घरटं सापडलं तर जागा ऑनलाइन टाकू नका, फोटोतला जीपीएस काढून टाका. आणि २०२२ च्या बर्ड फ्लूनंतरचा साधा नियम: मेलेल्या किंवा आजारी पक्ष्याला हात लावायचा नाही, तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगायचं. त्या साथीतून वाचलेल्या काही गॅनेटची फिकट निळी बुबुळं काळी पडलेली आढळली. असा डोळा दिसला तर स्पष्ट फोटो घ्या आणि 'रंग चुकला' म्हणून एडिटमध्ये निळा करू नका.

पफिन: वेल्सच्या स्कोमरसारख्या बेटांवर ते गवताळ जमिनीत बिळं करतात, बेम्प्टनला चुनखडीच्या फटींत राहतात. म्हणून गवतात शोधू नका. कड्यावर आडव्या भेगा बघत जा, पायांचा आणि चोचीचा केशरी रंग डोळ्यात भरतो. फटीच्या तोंडाशी ते उभे राहतात तेवढाच वेळ तुमचा. चोचीत मासे घेऊन येतात तेव्हा गल लुटतात, त्यामुळे उतरला की सरळ आत. एक फट नक्की करा, त्यावर आधीच फोकस करून ठेवा. जुलै संपताना पफिन गेलेले असतात. गिलेमॉट त्याहून लवकर: जूनच्या शेवटापासून साधारण तीन आठवड्यांची पिल्लं, नीट उडता येत नसताना, तिन्हीसांजेला खाली समुद्रात उड्या टाकतात आणि बाप त्यांना घेऊन दूर जातो. तेव्हा १/५०० साठीसुद्धा आयएसओ ६४०० च्या पुढे जावं लागतं. गॅनेट सप्टेंबरातही असतात, त्यामुळे जूनमध्ये वेळ कमी पडला तर गॅनेट मागे ठेवा, बाकीचे आधी.

आता पूर्ण कड्याचा फोटो. पक्षी धूळ दिसतात कारण १६ मिमीला ते खरोखर जेमतेम काही पिक्सेलचे होतात. वाइड विसरा. १००-४०० ला १००-१५० वर ठेवा, कॅमेरा उभा धरा आणि पॅनोरमा जोडा: फ्रेम एकमेकांवर ३० टक्के, एक्स्पोजर-फोकस-व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक, एफ/८, १/१०००. बसलेले पक्षी ठिकठिकाणी नीट दिसतात. उडते दोन फ्रेममध्ये दोनदा येतात, जोडल्यावर एक पुसा. पुढे एका टोकाला जवळची कपार आणि तिच्यावरचे दोन-चार किटिवेक आले तर मागच्या ठिपक्यांचा आकार बघणाऱ्याला आपोआप कळतो.

पांढऱ्या चुनखडीने फ्रेम भरली असेल तर +०.७ द्या. सावलीतला कडा निळा येतो, व्हाइट बॅलन्स ६५००-७००० केल्व्हिनला नेऊन बघा, पण फार पुढे गेलात तर किटिवेकची राखाडी पाठ मळकी दिसायला लागते. पोलरायझर पाण्याची चकाकी घालवतो, हिरवा रंग खोल करतो, पण दीड ते दोन स्टॉप खातो. उडत्या पक्ष्यांआधी काढायचा. लाटा मऊ करायच्या असतील तर १/८ ते १/४ सेकंद बास, बसलेले गिलेमॉट बऱ्याच अंशी स्थिर राहतात. त्याहून लांबवलं की हवेतले पक्षी राखाडी ओरखडे होतात.

---

स्थिरबिंदू

एक पुरवणी. दिवसभर खारा वारा खाल्लेली लेन्स कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाचे कण काचेवर घासले जातात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्यात जेमतेम ओलं केलेलं मऊ फडकं, मग कोरडं. झूमची नळी पूर्ण बाहेर काढून तिच्यावरूनही ओलं फडकं फिरवा, ती कोरडी झाल्यावरच आत घ्या.